लाखोळीची पहिली मूठ

दिवाळीच्या आगेमागे हायवेवर पहिली हार्वेस्टर दिसली की माझं डोकं फिरतं. मी एसटीत कंडक्टर आहे. गोरेगावहून सडक अर्जुनीकडे जाणाऱ्या गाडीत तिकिटं देता देता खिडकीतून दिसतं, की समोरून रायपूरच्या बाजूने ट्रेलर येतोय आणि त्याच्यावर ती अगडबंब मशीन ताडपत्री बांधून बसली आहे. गाडीतले लोक माना वळवून बघतात. कोणीतरी म्हणतं, "आली बाप्पा, सुटलो." मला मात्र पुढच्या माणसाला सुटे पैसे परत द्यायचे असतात तेही सुचत नाही.

मशीनशी माझं वैर नाही. तिकीट मी मशीननेच देते आणि ती बंद पडली की मीच सगळ्यात जास्त ओरडते. ज्याच्या घरी कापायला माणूस नाही, वर ढग आलेत आणि धान उभं आहे, त्याने हार्वेस्टर बोलवावी. पण या मशीनच्या साखळ्यांखाली दर वर्षी एक गोष्ट मरते आणि ती मेल्याचं कोणाला दिसतसुद्धा नाही. कारण ती तोवर जमिनीतून धड वरही आलेली नसते. मी लाखोळीबद्दल बोलते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लाखोळी ही आमच्या धानाच्या मुलखातली डाळ. आमच्या तोंडी लाखोरी. तिच्यासाठी वेगळं शेत लागत नाही, नांगर लागत नाही. धान पिवळं पडायला लागलं, लोंबीची मान खाली गेली, की कापणीच्या थोडं आधी उभ्या धानातच तिचं बी फेकायचं. बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, चिखलाची ओल असते, वरून धानाची सावली असते. त्या आडोशाला ते रुजतं. मग विळ्याने धान कापलं की एकदम ऊन मिळतं आणि थंडीभर नुसत्या दवावर ती वाढते. कापणाऱ्या बायांच्या पायाखाली थोडी दबते, पण पुन्हा उठते. मशीन फिरली तर मात्र चिखलासकट सपाट. म्हणून आमच्याकडे हल्ली 'यंदा लाखोळी टाकायची का' असं विचारणं म्हणजे 'यंदा धान हाताने कापायचं का' असं विचारणं आहे. आणि त्या प्रश्नाला शिवारात सगळीकडून एकच उत्तर येतं.

आमच्या घरातही तेच आलं. दिगूने, म्हणजे माझ्या चुलत भावाने, मशीन सांगून ठेवली. आमची बांधी नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूला आहे. अर्धी मोठ्या मायची, म्हणजे त्याच्या आईची, अर्धी माझ्या वडिलांनी माझ्यासाठी ठेवलेली, आणि कसतो दोन्ही दिगूच. मी सुट्टीच्या दिवशी गावी गेले तर तो ओसरीत चहा पीत बसला होता.

"बाई, यंदा बी भिजवू नोको," तो म्हणाला. "मशीन येऊन राहिली. लाखोरी चिरडनार. कायले उगाच?"

"आन् बियाचं काय? औंदा नाही टाकलं तर पुढच्या साली उगवल का ते?"

"नाही उगवलं तर बाजारातून डाळ आनू. जग आनते."

दिगू वाईट माणूस नाही. त्याचंही म्हणणं खोटं नाही. कापायला बाया मिळत नाहीत, ज्या मिळतात त्यांना सगळ्यांनीच सांगून ठेवलेलं असतं, आणि मागे एकदा पावसात भिजून कडपांना, म्हणजे शेतात पसरलेल्या कापलेल्या धानाला, कोंब फुटलेले त्याने पाहिलेत. पण त्याच्या मागे खाटेवर त्याची आई बसली होती. तिने नातवाच्या जुन्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि खालच्या मडक्याकडे बघितलं. त्या मडक्यात राखेत मिसळून ठेवलेलं लाखोळीचं बी होतं. ते तिच्या सासूच्या हातून तिच्याकडे आलेलं आहे. दर वर्षी पिकलं, त्यातलंच पुन्हा ठेवलं. एक वर्ष खंड पडला तर मडक्यात राखच राहील, हे तिला माहीत आहे आणि मलाही.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माझी आई लवकर गेली. मला हिनेच वाढवलं, मारलं आणि शेतात नेलं. बी कधी टाकायचं हे तिने मला बोलून कधीच शिकवलं नाही. ती मला बांधीत उतरवायची आणि म्हणायची, "टाच दाब." मी टाच दाबायची. टाचेच्या खड्ड्यात लगेच पाणी भरलं तर परत फिरायचं, बी कुजेल. खड्ड्याच्या कडा कोरड्या होऊन ढासळल्या तरी परत फिरायचं, उशीर झाला. पण टाचेचा ठसा जसाच्या तसा राहिला, आत नुसती चकाकी आली आणि पाणी नाही चढलं, तर आज टाकायचं. आजच. उद्या म्हणायचं नाही. तेवढंच तिचं शास्त्र. आजही बसच्या पायरीवरून उतरताना मऊ माती लागली की माझी टाच आपोआप दाबली जाते आणि मी मागे वळून ठसा बघते. ड्रायव्हर हसतो.

खाण्याचंही तिचं असंच होतं. लाखोळीची डाळ रात्री भिजत घालायची. सकाळी ते पाणी उकिरड्यावर टाकायचं, जनावरांच्या कुंड्यातही नाही. उकळी आल्यावरचं पाणीही टाकायचं. मग तुरीत मिसळून शिजवायची, किंवा वडे करायचे. रोज करायची नाही. नुसतीच खायची नाही. कोवळ्या शेंड्यांची भाजी मात्र हवी तेवढी, तांदळाच्या कण्या घालून. उरलेले शेंडे वाळवून ठेवायचे, म्हणजे उन्हाळ्यात भाजी नसते तेव्हा कामी येतात. त्या सुक्या भाजीचा वास घरात सुटला की मला अजून शाळेच्या परीक्षा आठवतात, कारण ती त्याच दिवसांत व्हायची.

हे नियम कौतुकाने ठेवलेले नव्हते. लाखोळीत दोष आहे. ती पोट भरते आणि रोज नुसती तीच खाल्ली तर पाय घेते. एके काळी तिच्या विक्रीवर बंदी होती ती काही उगाच नव्हती. मोठ्या मायला बंदीची कलमं ठाऊक नव्हती, पण दोष ठाऊक होता, आणि दोष ठाऊक असूनही हे पीक कसं सांभाळायचं तेही ठाऊक होतं. मला या गोष्टीचा फार अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

दर कार्तिकात मला जो हंगाम आठवतो, तो वेगळाच आहे. माझी बारावी झाली होती, लग्नाची बोलणी फिसकटत होती आणि मी घरी बसण्यापेक्षा बांधीत बरी असं सगळ्यांचं मत होतं. त्या वर्षी पाऊस लवकर गेला. तलावाचं पाणी वरच्या बांध्यांना पुरलं, खालच्यांना नाही. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात खालच्या टोलीतल्या, म्हणजे वस्तीतल्या, एका मजुराची चाल बिघडली होती. आधी तो पाय ओढत चालायचा, मग दोन काठ्या घेऊन, गुडघे एकमेकांवर घासत. सगळ्यांना माहीत होतं की त्याच्या घरी उन्हाळाभर लाखोळीशिवाय काही शिजलं नाही. पण हे माहीत असणं वेगळं आणि ते उन्हाळ्यात कोणाच्या लक्षात येणं वेगळं.

शाळेच्या पटांगणात सभा झाली. दवाखान्यातून डॉक्टर आले होते, चांगले होते. त्यांनी नीट समजावून सांगितलं, की रोज आणि एकटीच खाऊ नका, पाण्यात भिजवून पाणी टाका. मोठी माय मान डोलवत होती. तिच्याच घरचं कोणी बोलतंय असं तिला वाटलं असणार. पण डॉक्टर गेल्यावर गावातल्या मोठ्या माणसांनी सभा पुढे चालवली. ठरलं की या साली कोणी लाखोळी टाकायचीच नाही. सगळ्यांनी हात वर केले. तेवढ्यावर भागलं असतं. पण मागून एक जण म्हणाला, की शिवारात पहिली मूठ विधवेच्या हातची पडते, म्हणून गावाचे पाय जातात.

माझे मोठे वडील, म्हणजे मोठ्या मायचा नवरा, जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. बी फेकणं हे आमच्याकडे पुरुषाचं काम. माझे वडीलही तोवर गेले होते. घरात पुरुष नाही म्हणून मोठी माय स्वतः फेकायची, आणि टाचेचा अंदाज तिला सगळ्यांत आधी येत असल्याने शिवारातली पहिली मूठ बहुतेक तिचीच असायची. लोक तिचं बघून टाकायचे. इतकी वर्षं ते चाललं आणि त्या दिवशी एकदम अपशकुन झालं.

ती उठली. पदर खोचला. मला वाटलं आता रडेल.

"डॉक्टरसाहेब बोलले ते खरं हाये," ती म्हणाली. "माह्या सासूनं बी मले तेच सांगितलं. पन माह्या हातानं पाय जातेत हे कोनी सांगितलं? त्याच्या घरी तांदूर नोहता, तूर नोहती, तवा तुमी कुठं होते? मी तं दोन पायल्या घेऊन गेली होती. तुमच्यातलं कोनी दिसलं नाही मले तिथं."

 एका म्हाताऱ्याने सुपारी कातरायला घेतली. दोन पायली तांदळाने कोणाचे पाय वाचत नाहीत, हे तिलाही माहीत होतं. ते ती नंतर घरी माझ्याजवळ बोलली आणि तेव्हा रडली. आपण उशिरा गेलो, याचं तिला वाईट वाटत होतं. विधवा असण्याचं नाही.

मग तो दिवस आला. तिने टाच दाबली, ठसा राहिला. सकाळ नव्हती, संध्याकाळ नव्हती, भर दुपार होती. आजूबाजूच्या बांध्यांत माणसं होती. ती गाठोडं कमरेला बांधून धानात शिरली, धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, तोंड केलं आणि शिवारभर ऐकू जाईल अशी ओरडली, "टाकून राहिली व मी लाखोरी! पाहून घ्या सारे!" आणि मूठ फेकली. धानाच्या पानांवर बी पडल्याचा आवाज आला. मला लाज वाटत होती, भीती वाटत होती आणि पोटातून हसू येत होतं. मीही गाठोड्यात हात घातला.

शिक्षा झाली. त्या साली आमच्या चुरण्याला, म्हणजे मळणीला, कोणी आलं नाही. एकमेकांच्या खळ्यावर जाण्याची रीत होती, ती आमच्यापुरती बंद झाली. धानाचं पुंजणं, म्हणजे रचलेली गंजी, कितीतरी दिवस तसंच उभं होतं. मी, मोठी माय आणि शाळा बुडवून दिगू, आम्ही बैल फिरवले. रात्री अंग इतकं दुखायचं की जेवण करताना मला डुलकी लागायची. एकदा मी चिडून म्हटलं, लपून टाकायचं होतं ना, कोणाला कळलं असतं? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा ते विचारलं नाही.

आणि मग पौष आला. लाखोळी फुलते तेव्हा लहान निळी फुलं येतात, सकाळच्या धुक्यात आधी दिसत नाहीत, ऊन चढलं की एकदम दिसतात. आम्ही शेंडे खुडायला गेलो आणि धुऱ्यावर उभ्या राहून बघतच राहिलो. सगळं शिवार निळं होतं. इकडची बांधी निळी, तिकडची निळी, सभा ज्यांनी बोलावली त्यांची तर धुऱ्यापर्यंत दाट. सगळ्यांनी टाकली होती. पहाटे, तिन्हीसांजेला, बायकोला पुढे करून, कशीही, पण टाकली होती. विचारलं की म्हणायचे, "मागच्या सालची सांडली असन, आपोआप उगवली." आपोआप उगवलेलं पीक इतकं सारखं उगवतं हे मी तेव्हाच पाहिलं.

मोठी माय हसली नाही. "टाकली तं टाकली," ती म्हणाली. "चांगलं केलं. पन मग माह्या खळ्यावर काऊन नाही आले?" तिचा सगळा राग तेवढ्यावर होता. लोकांना बी हवं होतं, भाजी हवी होती, टाच केव्हा दाबायची तेही तिच्याकडून हवं होतं. ते सगळं घेऊन तिला मात्र उन्हात एकटं उभं केलं होतं. मला हे अजून पचलेलं नाही, तिला पचलं असेल तर असो.

म्हणून हल्ली मोबाईलवर पूर्वजांच्या ज्ञानाचे संदेश येतात तेव्हा मला चीड येते. आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं म्हणे. कोणाच्या पूर्वजांना? टाचेचा ठसा पूर्वजांनीच दिला आणि विधवेच्या मुठीचा अपशकुनही पूर्वजांनीच दिला. दोन्ही एकाच ओसरीतून आले. मोठ्या मायने एक ठेवलं आणि दुसरं उकिरड्यावर फेकलं, त्या डाळीच्या पाण्यासारखं. तिला कोणी सांगितलं नव्हतं काय ठेव आणि काय टाक. तिने आयुष्य जगून ठरवलं आणि त्याची शिक्षाही भोगली. नुसतं नमस्कार करून जे जुनं जपलं जातं, त्यात माझा जीव नाही. आणि जे जुन्याला हसतात त्यांना मी गाडीत बसवते, तिकीट देते, पण उत्तर देत नाही.

गंमत बघा, आता मोठ्या मायचेच पाय गेलेत. दसऱ्याला ती अंगणात पडली. डॉक्टर म्हणतात गुडघे झिजले, वय झालं. गावात कुजबुज आहे, लाखोरीनंच गेले. मला बाजारात एक जण तोंडावर म्हणाला. मी त्याला विचारलं, तुमच्या बापाचे गुडघे कशाने गेले?  खरं सांगायचं तर माझ्याही मनात एकदा शंका येऊन गेली. आयुष्यभर खाल्ली तिने, सगळे नियम पाळून का असेना. मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "चिखलात उभी राहून राहून गेले. चिखलानं सारं दिलं, थोडं घेतलं." आणि पुन्हा मडक्याकडे बघितलं.

त्या सुट्टीच्या दिवशी, दिगूचा चहा संपल्यावर, ती म्हणाली, "मले बांधीत ने."

"आई, तुले उभं राहता येत नाही."

"तं धरून ठेव."

रंजना, दिगूची बायको, आतून आली. तिच्या हातात विळे होते. ते तिने ओसरीच्या कडेला ठेवले, धार लावायचा दगड आणला आणि पाण्याचा तांब्या. दिगू म्हणाला, "हे काय करून राहिली?" ती म्हणाली, "बाया सांगून ठेवल्या मी. आमी एकमेकींच्या बांध्या कापनार. तुमची मशीन तुमी पाहून घ्या." हे तिने कधी ठरवलं ते मला माहीत नाही. बहुतेक मी यायच्या आधीच. मीही कापणीसाठी रजेचा अर्ज टाकून आले होते, पण तिने मला काही सांगू दिलं नाही, सरळ विळा हातात दिला.

दिगूने मोटारसायकल काढली. तो पुढे, मध्ये मोठी माय, मागे मी तिला धरून, मांडीवर बियाचं गाठोडं. रंजना पायी आली. वाटेत दोन बांध्या कापून झाल्या होत्या, मशीनच्या साखळ्यांचे पट्टे चिखलात उमटले होते आणि बगळे त्यात काहीतरी शोधत होते. आमचं धान उभं होतं. आजूबाजूच्या बांध्यांत मशीनची वाट बघत माणसं बसली होती, कोणी विडी ओढत होतं.

आम्ही दोघींनी तिला काखेत धरून धुऱ्यावरून उतरवलं. तिचं वजन आता फार नाही, तरी धरताना हात भरून आला. तिने पाय पुढे टाकला, पण टाच दाबायला जोर नव्हता. मी खाली वाकले आणि तिची टाच माझ्या हाताने चिखलात दाबली. काढली. आम्ही चौघंही वाकून बघत होतो. ठसा होता तसा राहिला. आत नुसती चकाकी आली.

"आज," ती म्हणाली.

धुऱ्यावर बसून तिने पहिली मूठ फेकली. हात पुरला नाही, बी तिच्या पायाशीच पडलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. मग तिने गाठोडं माझ्याकडे दिलं नाही, रंजनाकडेही दिलं नाही. दिगूकडे दिलं.

दिगूने गाठोडं कमरेला बांधलं. मग त्याने चपला काढल्या, पॅन्ट वर दुमडली आणि धानात उतरला. फेकायला लागला. लहानपणी शिकलेला हात विसरत नाही, तो छान फेकत होता, बी सगळीकडे सारखं पडत होतं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मशीनवाला होता. दिगूने एका हातात मूठ तशीच ठेवून फोन कानाला लावला आणि जरा तोंड फिरवून, दबक्या आवाजात बोलायला लागला. "हो... नाही... ऐक ना गा, आमच्या बांधीत येऊ नोको. लाखोरी टाकून राहिलो."

शेजारच्या बांध्यांतली माणसं इकडे बघू लागली होती.

धुऱ्यावरून मोठी माय म्हणाली, "दिगू, आनखी जोरात सांग."